पाटावर तुझा हात

उभ्या जन्मात तुला मी 'तुमी' बोलली. लगीन होऊन आली तवा सासूनं सांगितलं, थोरली जाऊ हाय, मान ठेवायचा. ठेवला. भात वाढताना ठेवला, भांडताना बी ठेवला. आता तू गेलीस. दहाव्याला कावळा लगेच शिवला, म्हंजे तुझी काय इच्छा मागं राहिली न्हाय. माझी राहिली. म्हनून आता तुला मी तू बोलनार. तू काय उठून टोकनार न्हायस.

सायली लिहून घेते हाय. माझी नात, रमेशची पोरगी. मला सही येते, तेवढंच. ती मघाशी बोलली, "आजी, गेलेल्या माणसाला असं कोण बोलतं? काहीतरी चांगलं सांग ना."

मी बोलली, चांगलं बोलायला भाऊकी हाय. तेराव्याला सगळी बोलली, माऊली व्हती, घराचा खांब व्हती. मी मागच्या दारी टोप घासत आयकत व्हती. खांब व्हतीस, खोटं न्हाय. पन खांब कुनाच्या छातीवर उभा व्हता, ते कोन इचारतं?

काल सायलीची हळद झाली, लगीन उद्या हाय. तुझ्या पाटावर झाली. पयली हळद कोनी लावली, ते तुला कोन सांगनार? मीच सांगते. पन शेवटी सांगते. तू मला लय थांबवलंस, आता तू थांब.

आधी पाटाचं आयक. तुला ठाव हाय, पन जे वाचतील त्यांना ठाव न्हाय. आपल्या घरात नवरा असो, नवरी असो, हळदीला चौरंगावर बसवायची आन् तिचे पाय ह्या पाटावर ठेवायचे. सागाचा पाट. सासऱ्याच्या बापानं करून घेतलेला. आधी पायाला तेल, मंग हळद, मंग वर वर चढवत जायचं. पयलं बोट घरच्या थोरलीचं. ते लागल्याबिगर दुसऱ्या बायका वाटीला हात लावत न्हायत. सासू गेली आन् ते बोट तुझं झालं. तू उजव्या अंगाला बसायचीस. डावा हात पाटाच्या कोपऱ्यावर टेकायचीस, तेलानं चोपडलेला, आन् सगळा भार त्याच्यावर टाकून उजव्या हातानं पायाला हळद चोळायचीस. दर लग्नात तोच कोपरा, तोच हात. लगीन झालं की पाट पुसून, साडीत गुंडाळून तुझ्या माळ्यावर.

मी त्या पाटाला कधी हात लावला न्हाय. मी लावला न्हाय असं न्हाय, तू लावू दिला न्हायस.

रमेश रांगत व्हता तवा त्याचा बाप गेला. भाताच्या बांधावर साप चावला, दवाखान्यात नेईपर्यंत तोंडाला फेस. ओट्यावर बायका जमल्या. बांगड्या फोडायला कोनीतरी माझा हात धरून जोत्याच्या दगडावर आपटनार व्हती, तू तिला ढकललंस. तू माझ्या मनगटाखाली तुझा डावा हात धरलास आन् बारक्या दगडानं एक एक बांगडी फोडलीस. माझ्या हाताला ओरखडा न्हाय. तुझ्या तळव्यात काच घुसली. तू ती दातानं काढलीस, थुकलीस, आन् बोललीस, "रडून घे. उद्यापासून टाइम न्हाय मिळायचा."

ते मी ईसरली न्हाय. म्हनूनच तुझा जास्त राग येतो. तू नुसती वाईट असतीस तर सोपं व्हतं.

टाइम न्हायच मिळाला. मी कापडाच्या लूमवर कांड्या भरायला जायला लागली. कान बधिर झाले, अजून डाव्या कानानं कमी आयकते. रमेशला तू सांभाळलंस. तुझ्या पोरात आन् माझ्या पोरात भाकरीला फरक केला न्हायस, हे मी देवापुढं बी सांगीन. मी ड्युटीवरनं यायची तवा तो तुझ्या मांडीवर झोपलेला. मी घ्यायला हात पुढं केला की तू बोलायचीस, "आधी आंघोळ कर. अंगावर सगळा कापूस हाय." मी आंघोळ करून येईपर्यंत तू त्याला तुझ्याच खोलीत झोपवलेलं असायचं. असं करत करत तो मोठा झाला.

मंग त्याचं लगीन ठरलं.

हळदीच्या दिवशी मी सकाळपासून नवी साडी नेसून बसली. मला वाटलं, पोरगा माझा हाय. बोट तुझं पयलं, ते बरोबर. पन दुसरं बोट तरी माझं. तू आलीस, मला वरनं खाली बघितलंस आन् बोललीस, "ती साडी सोड. मागं रस्सा लागंल खाली, ढवळायला कोन न्हाय."

गावभर मानसं असताना ढवळायला कोन न्हाय.

मी जुनं पातळ नेसली आन् मागच्या दारी गेली. एवढा मोठा टोप, एवढा मोठा कलथा. पुढं बायका गानी बोलत व्हत्या. मला गाण्यावरनं कळत व्हतं, आता पाय धुतले, आता तेल लावलं, आता थोरली बसली. मधीच रमेशचा आवाज आला, "आई कुठं हाय?" आन् तुझा आवाज आला, "आई कामात हाय." बायका हसल्या. त्याचं पुढचं बोलनं गाण्यात गेलं.

मी कलथा सोडला न्हाय. रस्सा खाली लागू दिला न्हाय. जेवनारे सगळे बोलले, चव भारी हाय.

दुसऱ्या दिवशी मी तुला इचारलं. तुमी बोलूनच इचारलं. "बाय, तुमी असं का केलंत?" तू धान्य निवडत व्हतीस. मान वर केली न्हायस. "उद्या त्या पोराला काय झालं तर लोक कुनाला बोलतील? तुला बोलतील. रांडेनं हळद लावली म्हनून झालं, बोलतील. मी तुला वाचवते हाय, कळतंय का?"

मला वाटलं, असंल. थोरली हाय, तिला जास्त कळतं.

पन मंग तुझा घरवाला गेला. तुझ्या बांगड्या मी काढल्या, फोडल्या न्हायत. साबन लावून काढल्या, एक बी फुटू दिली न्हाय. त्याच्यानंतर तुझ्या थोरल्या नातवाचं लगीन आलं. मी मनात बोलली, आता बघू, पाटाजवळ कोन बसतं. आता आपन दोघी सारख्या. मी तुझ्यासाठी बी कलथा काढून ठेवला व्हता, खरं सांगते. मागच्या दारी दोघी बसू, ढवळू, बोलू काय काय. मला त्याच्यात सूड बी वाटत व्हता आन् जरा बरं बी वाटत व्हतं.

तू मागं आलीच न्हायस. तू बसलीस पाटाजवळ, तुझ्या जाग्यावर, डावा हात टेकून. तुला कोन बोलनार?

त्या वेळी मी कलथा टाकून पुढं आली. सगळ्यांसमोर न्हाय, तू वाटी ठेवायला आत आलीस तवा. "बाय, तुमाला चालतं?" तू बोललीस, "मी थोरली हाय." मी बोलली, "मंग मला का चाललं न्हाय?" तू बोललीस, "तुझं वेगळं व्हतं. तू तरनी व्हतीस." आन् वाटी धुवायला लागलीस.

तरनी व्हती म्हंजे काय? तरन्या बाईचा हात जास्त अपशकुनी असतो का? का ती सजून चार मानसांत बसली की कुनाचं पोट दुखतं? का तुला पोरगा वाटून घ्यायचा न्हवता? मी इचारलं न्हाय. तू बी सांगितलं न्हायस. भांडन तिथंच राहिलं, वाटीत.

शेवटी तू खाटेवर पडलीस, तवा तुझी सून वैशाली ड्युटीला जायची, म्हनून दुपारची पेज मी भरवायची. मी रोज ठरवून यायची, आज इचारनार. चमचा तोंडाशी न्यायची आन् बघायची, सांगते का. तुझं तोंड हलायचं, मला वाटायचं आता बोलते. तू बोलायचीस, "मीठ जास्त हाय." मंग मी मीठ कमी केलं. तवा बोललीस, "अळनी हाय." मरेपर्यंत माझ्या हाताला चव न्हाय.

एवढं आयकून सायली हसली. लिहू का, बोलते. लिही. तिला बी कळू दे वर.

आता खरं आयक. तेरावं झालं आन् तुझ्या सुनेनं तुझी खोली काढली. तुझी गादी, तुझी काठी, तुझा कमोडचा डबा, सगळं अंगनात काढून ठेवलं, भंगारवाल्याला न्हायतर जाळायला. मी जाऊन बघते, त्या गादीखाली पाट. साडी सोडून उघडा टाकलेला. मी बोलली, "वैशाली, हा इथं?"

ती बोलली, "काकी, काळा पडलाय, चिकट झालाय. मुंग्या लागतात. आता सगळं डेकोरेशनवाले आणतात, चौरंग-बिरंग. कशाला ठेवायचा?"

जो पाट तू मला शिवू दिला न्हायस, तो तुझ्या सुनेनं तुझ्या मुताच्या डब्याशेजारी ठेवला. मी तिथं उभी राहून हसली. वैशाली बघत राहिली. तुला वाईट वाटलं असंल तर वाटू दे. मला लय बरं वाटलं.

मी तो उचलला. कोनी अडवलं न्हाय. एवढ्या वर्सांनी उचलला तर जड लागला. घरी आनला, ओट्यावर ठेवला आन् त्याच्याकडं बघत बसली. वरनं काळपट, पिवळा, तेलकट. सगळीकडं तूच. मी ठरवलं, सायलीची हळद ह्याच्यावरच करायची, पन आधी तुला पुसायची. तुझ्या हळदीचा एक डाग ठेवायचा न्हाय. काळाकुट्ट करायचा.

शेअर रिक्षानं टेमघरला गेली, हार्डवेअरच्या दुकानात. भैय्या बोलला, "क्या चाहिए अम्मा?"

"लकडी को कलर मारनेका हाय."

"पेंट?"

"पेंट न्हाय. पेंट तो निकल जाता. अंदर घुसनेवाला दो. घुसेगा तो परत निकलना न्हाय पायजे."

तो हसला. "तो स्टेन ले जाओ. कौन सा शेड? सागवान, महोगनी, अखरोट?"

"सबसे काला कौनसा?"

"अखरोट. क्या बनाया है, टेबल?"

"जाऊबाई का पाट हाय."

"कारीगर कौन है?"

"मैंच हाय कारीगर."

त्यानं मला चष्म्यातनं बघितलं. मंग डबा दिला, काचकागद दिला, आन् सांगत बसला. पहले घिसो अम्मा, पूरा घिसो, तेल-वेल कुछ रहना नहीं चाहिए. फिर कपडे से लगाओ, लकडी की लाइन में, लाइन के उल्टा नहीं. और जो ऊपर रह गया वो पोंछ डालो. मी हा हा केलं. मी काय ती पयल्यांदा काम शिकत व्हती? लूमवर शिकली, गोदामात पेट्या भरायला शिकली. लाकूड काय मोठं.

तेल रहना नहीं चाहिए, हे मी आयकलं. मला वाटलं, तेल काय, घासलं की गेलं. राख घेतली, लिंबू घेतला, नारळाची किशी घेतली आन् पितळेचं घंगाळ घासते तसा पाट घासला. धुतला. उन्हात ठेवला. वाळल्यावर काचकागद फिरवला. भसाभसा पिवळा भुसा उडायला लागला. माझ्या हातावर, पदरावर, नाकात. वास आला. मी थांबली. तो लाकडाचा वास न्हवता, हळदीचा व्हता. माझ्या लग्नानंतर हळद माझ्या अंगाला लागली ती अशी, भुश्यातनं. मी पदर झटकला आन् मनगटं पुसली. मला अशी नको व्हती.

भुसा सोसवला न्हाय, म्हनून तिथंच घासनं सोडलं. डबा उघडला. फडकं बुडवलं. आन् मी काय केलं सांगू? जे हाताला येतं ते केलं. गुडघे टेकून बसली आन् अंगन सारवते तसा पाट सारवला. ह्या हातानं असा गोल, त्या हातानं तसा गोल, गोलात गोल. शेनाला चालतं ते. रंग जाड चढला तर मला बरंच वाटलं, चांगला दाट बसंल. पुसला न्हाय. उन्हात ठेवला.

सायली राहनाळच्या गोदामातनं शिफ्ट करून आली. चप्पल काढायच्या आधीच ओरडली, "आजी! हे काय केलंस? अंगण सारवलंस का पाट?"

मी बोलली, "काय झालं?"

"अगं, बघ तरी!"

बघितलं. पाटभर अर्धे अर्धे चंद्र. जिथं एक फेर दुसऱ्यावर गेला तिथं काळं, मधी भुरकट, आन् वरनं सगळं चिकट. एक कोंबडी चालून गेली व्हती, तिची बोटं उठली व्हती. सायली हसून हसून खाली बसली. मंग तिनं मोबाइलवर एका मानसाचा व्हिडिओ दाखवला. पांढरी दाढी, हातात मोजे, लाकडाला असं लावतो जसं पोराच्या डोक्याला तेल लावतो. एका दिशेनं. लगेच पुसतो. मी बोलली, "ह्याला दुसरं काम न्हाय." सायली बोलली, "तुला पण नाहीये. आण तो थिनर."

पुसला. अर्धा दिवस गेला. परत काचकागद, ह्या वेळी लाकडाच्या शिरा जातात तसा. परत फडकं, सरळ सरळ, थोडंसं, आन् लगेच दुसऱ्या फडक्यानं पुसायचं. मी फडकं फिरवायची, सायली पुसायची. माझ्या हाताला मोजे न्हवते. उजवा तळवा काळा झाला, रेघांत घुसला, नखांत घुसला. साबनानं गेला न्हाय, रॉकेलनं गेला न्हाय. भैय्या खरं बोलला व्हता, घुसला की निघत न्हाय.

पाट मात्र चांगला दिसायला लागला. काळा न्हाय, तपकिरी, आत लाल. मी मनात बोलली, गेली थोरली.

सकाळी ओट्यावर आली आन् बघते तर पाय.

मधी दोन पाय. टाचा खाली, बोटं वर. सगळीकडं रंग चढला आन् तिथंच चढला न्हाय. पिवळे, उघडे. कुना एकाचे न्हायत, पायावर पाय पडून कडा पसरलेल्या. आन् उजव्या कोपऱ्यात हात. तळव्याची गादी आन् चार बोटं. अंगठा न्हाय. अंगठा तू कडेखाली घालायचीस.

तुझं तेल एवढं खोल गेलं व्हतं.

मला तुझी बांगडीच्या काचेची निशानी दिसते का, ते मी वाकून बघितलं. न्हाय दिसली. तेवढं लाकडाला कळत न्हाय.

मंग माझं डोकं फिरलं. मी तुझ्या त्या हातावर परत रंग लावला. वाळू दिला, परत लावला. तो वर चिकटून राहायचा, पुसला की निघायचा. काचकागद घेऊन तिथंच घासत बसली, दात आवळून. लाकडाला खड्डा पडायला लागला तरी आत पिवळंच. मी तोंडानं तुला काय काय बोलली ते सायलीला लिहायला सांगत न्हाय. मेलीस तरी जागा सोडत न्हायस! माझ्या हाताला रंग चढला तो उतरत न्हाय, तुझ्या हाताला चढत न्हाय. हा कुठला न्याय?

त्याच वेळी रमेश आला. टेम्पो लावून पानी प्यायला आलेला. त्यानं पाट बघितला. तांब्या हातात तसाच. बोलला, "आई, ह्याच्यात माझे पन पाय हायेत."

मी घासायची थांबली.

"बाबाचे पन असतील ना?" तो बोलला.

असतील. मी त्याच्या बापाचे पाय लग्नानंतर बघितले, हळदीत न्हाय बघितले. तवा मी माझ्या माहेरी व्हती. त्याचा एक फोटो हाय, कमरेपर्यंत. पायाचं काहीच राहिलं न्हवतं माझ्याकडं. रमेश गेला, मंग मी टाचेच्या जागी बोट ठेवलं. गुळगुळीत व्हतं.

आता तुला खरं सांगते, हे मला बोलवत न्हाय. ते पाय तुझ्या तेलानं राहिले. मी लावलं असतं तर मी एवढं चोळलं नसतं. तू चोळलंस. माझ्या नवऱ्याच्या पायाला सासूच्या बोटानंतर, माझ्या पोराच्या पायाला पयल्या बोटापासनं, हात दुखेस्तोवर चोळलंस. म्हनून मी काचकागद ठेवून दिला. तुला माफ केलं म्हनून न्हाय. पाय ठेवायचे व्हते, आन् हात काढायला गेली असती तर पाट फाटला असता.

काल हळद. डेकोरेशनवाल्यानं पिवळे पडदे लावले, डीजेवाला आला, सायली पिवळ्या साडीत चौरंगावर बसली. मी घरातनं पाट आनला आन् तिच्या पायाखाली ठेवला. बायका वाकून बघायला लागल्या. एक बोलली, "अगंबाई, छापलेत का पाय? कुठं मिळतो असा?" डेकोरेशनवाल्या पोरानं फोटो काढला.

वैशाली तेलाची आन् हळदीची वाटी घेऊन पुढं आली. थोरल्या घरची थोरली सून, तिला वाटलं, आता तिचं बोट. तिची चूक न्हाय, तूच शिकवलंस. ती बसायच्या आधी मी बसली. नवीन साडी नेसलेली, तीच, रमेशच्या हळदीला सोडायला लावलीस ती. घडीवर पिवळी पडली, पन साडी नवीच.

गानं बोलनाऱ्या बायका गानं सोडून बघायला लागल्या. डीजेचा तेवढा आवाज.

वैशाली हळूच वाकली आन् बोलली, "काकी, आईंना नसतं चाललं. त्या असत्या तर…"

मी बोलली, "कुठं हाय तुझी सासू? बोलाव तिला. ती इथं येऊन बोलली तर उठते."

कोन बोलवनार? मागं कोनतरी हसलं, मंग दाबलं. वैशालीचं तोंड उतरलं. सायली वरनं बोलली, "आजी, लाव ना, पाय गार पडले." तिनं तिचे पाय बरोबर त्या पायांवर ठेवले व्हते. तिची बोटं आखूड हायत, बापासारखी.

मी उजवा हात वाटीत घातला, काळ्या तळव्याचा. एक बाई बोलली, "काकींच्या हाताला काय झालं?" मी बोलली, "जावेला रंग लावत व्हती." तेल लावलं. मंग हळद. काळ्यावर पिवळी दिसत न्हवती, सायलीच्या पायावर दिसत व्हती. पयलं बोट माझं. तुझ्या जाग्यावर बसून, तुझ्या नातीएवढ्या लाडक्या पोरीला. तुला मी वर बघून दाखवलं बी. आभाळात न्हाय, पडद्यात बघितलं, पन तुलाच.

भार सांभाळायला डावा हात कुठंतरी टेकायला लागतो. मी टेकला. खाली न बघता टेकला, तरी तुझ्याच हातावर पडला. दुसरी जागाच न्हाय तिथं, बसल्यावर हात तिथंच येतो. माझा हात तुझ्यापेक्षा बारका. चारी बाजूंनी तू बाहेर दिसत व्हतीस.

म्हंजे तू बी टेकायचीस ते गुडघ्यांसाठी. मला इतकी वर्सं वाटायचं, मालकी दाखवायला टेकते.

मंग वैशालीला हाक मारली, ये, आता तू लाव. ती आली. तिला मी काय त्रास द्यायचा? माझा हिशेब तिच्याशी न्हाय. सगळ्या बायकांनी लावली. माझ्यासारखी एक जन कोपऱ्यात उभी व्हती, पदर घट्ट धरून. तिला बी ओढून आनली. ती न्हाय न्हाय करत व्हती. मी बोलली, "रस्सा डेकोरेशनवाला ढवळतोय, तू बस."

उठायची वेळ आली तवा गुडघे अडकले. सायली हात द्यायला वाकली, मी बोलली, तू हळदीची हायस, हलू नको. मी तुझ्या हातावर सगळा भार टाकला, जेवढा व्हता तेवढा, आन् उठली.

पाट आता माझ्याकडं राहील. वैशालीनं काल मागितला, फोटो चांगले आले म्हनून. दिला न्हाय. पुढच्या पोरीच्या हळदीला घेऊन जाईन, परत घरी आनीन, साडीत गुंडाळून माझ्या माळ्यावर ठेवीन. डब्यात रंग अजून हाय. पायांना लावनार न्हाय. तुझ्या हाताला बी आता लावनार न्हाय. तिथंच पडून राहा. मला टेकायला लागंल.